जीएलपी-१ रिसेप्टरची रचना कशी काढायची: पोस्टडॉकला निघालेल्यांसाठी

जीएलपी-१ रिसेप्टर म्हणजे जीएलपी-१ या हॉर्मोनचा निरोप घेणारं, पेशीच्या पटलातलं प्रोटीन. जी-प्रोटीन हा तो निरोप पेशीत पुढे नेणारा त्याचा जोडीदार. या दोघांचं एकत्र पहिलं क्रायो-ईएम चित्र (नमुना गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढलेलं) २०१७ साली आलं. रिझोल्यूशन होतं ४.१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलीमीटरचा एक कोटीवा भाग; आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट) आणि रिसेप्टर होता सशाचा. तीनच वर्षांत, २०२०मध्ये, माणसाच्या रिसेप्टरचं चित्र २.१ अँगस्ट्रॉमपर्यंत पोचलं. औषध बसतं त्या खोबणीतले पाण्याचे रेणूसुद्धा त्यात दिसू लागले. सेमाग्लुटाइड, तिरझेपाटाइड ही मधुमेह आणि वजनावरच्या औषधांची नावं आज घराघरांत पोचली आहेत. ती औषधं ज्या दारावर टकटक करतात, ते हे दार.

पीएच.डी. संपत आलेली मुलं-मुली मला विचारतात, या कामात शिरायचं तर सुरुवात कुठून करायची? मायक्रोस्कोप आधी शिकू की सॉफ्टवेअर? माझं उत्तर दर वेळी एकच असतं: आधी प्रोटीन जिवंत ठेवायला शिका. मायक्रोस्कोप महाग आहे, पण तो चालवायला माणसं मिळतात. तुमचं प्रोटीन मात्र तुमच्याशिवाय कुणी सांभाळत नाही. पुढे जे लिहितो आहे ते कामाच्या क्रमाने आहे. जिथे माझे महिने गेले तिथे जास्त थांबलो आहे.

प्रश्न आधी ठरवा

'मला जीएलपी-१ रिसेप्टरची रचना काढायची आहे' हा प्रश्न होत नाही. ती रचना वेगवेगळ्या रेणूंसह कितीतरी वेळा निघाली आहे. उत्तर हातात आल्यावर औषध बनवणाऱ्या केमिस्टने उद्यापासून वेगळा रेणू बनवायला घ्यावा, असा प्रश्न हवा.

एक खरं उदाहरण सांगतो. जीएलपी-१ हे तीस अमिनो आम्लांचं पेप्टाइड. रक्तात डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याचं टोक कापतं आणि दोनेक मिनिटांत त्याचं काम संपतं. सेमाग्लुटाइडमध्ये त्या कापण्याच्या जागी वेगळं अमिनो आम्ल घातलं आहे आणि बाजूला मेदाम्लाची लांब शेपटी जोडली आहे. ती शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते, म्हणून आठवड्यातून एक इंजेक्शन पुरतं. पण पेप्टाइड पोटात पचतं. साध्या गोळीसाठी छोटा रेणू हवा, आणि पेप्टाइडच्या एवढ्या मोठ्या खोबणीत छोटा रेणू बसवणं फार काळ कुणाला जमत नव्हतं.

मग ऑर्फोरग्लिप्रॉन आणि डॅन्युग्लिप्रॉन हे रेणू आले. ते माणसाच्या रिसेप्टरवर उत्तम चालत, उंदराच्या रिसेप्टरवर नाही. कारण रचनेत दिसलं. हे रेणू खोबणीत वरच्या अंगाला बसतात आणि रिसेप्टरच्या पेशीबाहेरच्या भागातलं ३३व्या जागचं ट्रिप्टोफॅन त्यांच्यावर झाकणासारखं येतं. उंदरात त्या जागी सेरीन आहे, म्हणजे झाकणच नाही. त्यामुळे साध्या उंदरांवर चाचणी निरुपयोगी ठरली. माणसाचा रिसेप्टर घातलेले उंदीर किंवा माकडं घ्यावी लागली. एका अमिनो आम्लाने प्रयोगाचा प्राणी बदलला. आपला प्रश्न या तोडीचा असावा.

आज उघडा असलेला एक प्रश्न मला फार खुणावतो. तिरझेपाटाइड जीआयपी या दुसऱ्या हॉर्मोनच्या रिसेप्टरला चालना देतं आणि वजन उतरतं. मारिडेबार्ट कॅफ्राग्लुटाइड त्याच रिसेप्टरला अडवतं, तरीही वजन उतरतं. दोन्ही औषधं जीएलपी-१ रिसेप्टरला मात्र चालनाच देतात. मग जीआयपी रिसेप्टरचं नेमकं काय होतं? हा रिसेप्टर चरबीच्या पेशींवरही असतो, म्हणून आपल्याकडच्या माणसांसाठी तो जास्त जवळचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं २००४मधलं छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी कुठे आणि किती दडते, यावर पुण्यात इतकं काम झालं आहे की चयापचयाच्या रिसेप्टरवर काम करणाऱ्या मराठी माणसाने ते वाचल्याशिवाय प्रस्ताव लिहू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रयोगशाळा आणि फेलोशिप

थोडक्यात सांगतो. मुलाखतीत तीन गोष्टी विचारा. प्रोटीन बनवून घ्यायच्या कीटकपेशींची जोपासना त्याच इमारतीत होते का? मायक्रोस्कोपचा वेळ महिन्याला किती मिळतो? पेशींमधल्या चाचण्या कोण करतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बघू' असं आलं तर सावध व्हा. युरोपात जायचं असेल तर मारी स्क्वोडोव्स्का-क्युरी फेलोशिपचा नियम लक्षात ठेवा: अर्जाच्या मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. आधी तिथे जाऊन मग अर्ज करू म्हणणाऱ्यांचं इथेच अडतं. देशात राहायचं असेल तर आयआयटी कानपूरमध्ये अरुण शुक्ला यांच्या गटाने या रिसेप्टरच्या कुळावर जागतिक दर्जाचं काम उभं केलं आहे, आणि बेंगळुरूत राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधा आहे.

कन्स्ट्रक्ट: कमीत कमी बदल

कन्स्ट्रक्ट म्हणजे पेशींकडून बनवून घ्यायच्या रिसेप्टरचा आराखडा. माणसाचा जीएलपी-१ रिसेप्टर ४६३ अमिनो आम्लांचा. पहिली २३ म्हणजे सिग्नल पेप्टाइड, पेशीच्या पटलापर्यंत पोचवणारी चिठ्ठी. कीटकपेशींत त्याऐवजी हीमॅग्लुटिनिनची सिग्नल लावतात, तिच्यामागे फ्लॅग टॅग आणि दुसऱ्या टोकाला हिस्टिडीनची शेपटी. प्रोटीन पकडून वेगळं काढायच्या या खुणा. मधे प्रोटिएजने कापता येईल अशी जागा ठेवा.

प्रोटीनचे स्फटिक करून रचना काढायच्या काळात रिसेप्टर स्थिर करायला त्यात ढीगभर म्युटेशन्स घालावी लागत. क्रायो-ईएममध्ये बऱ्याचदा त्यांची गरज पडत नाही, आणि मी तर म्हणेन की घालूच नका. तरीही जो काही बदल केला असेल तो आधी सस्तन पेशीत तपासा. जीएलपी-१ देऊन सायक्लिक एएमपीचा (चालना मिळाल्यावर पेशीत वाढणाऱ्या संदेश-रेणूचा) आलेख काढा आणि मूळ रिसेप्टरच्या आलेखाशेजारी ठेवा. दोन्ही वक्र जवळपास एकावर एक बसायला हवेत. या तपासणीला दोन आठवडे लागतात. ती न करता पुढे गेलेल्याला दीड वर्षाने परीक्षक हाच प्रश्न विचारतो.

जी-प्रोटीनचे तीन भाग: अल्फा, बीटा आणि गॅमा. त्यातल्या अल्फासाठी जीएस-अल्फाचा बदललेला प्रकार वापरतात. तो न्युक्लिओटाइड (जीडीपी, जीटीपी हे छोटे रेणू) नीट धरत नाही, त्यामुळे रिसेप्टरशी झालेली जोडी सहज सुटत नाही. रिसेप्टर, अल्फा आणि बीटा-गॅमा यांचे बॅक्युलोव्हायरस (कीटकपेशींत जनुक नेणारे विषाणू) वेगवेगळे बनवा. त्रिकोप्लुसिया नाय या पतंगाच्या पेशी मिलीमागे साधारण ४० लाखांवर आल्या की तिन्ही विषाणू एकत्र द्या, २७ अंशांवर ४८ तास ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि पेशींचे गोळे उणे ८० अंशांत टाका. विषाणूंचं प्रमाण आधी ५० मिलीच्या छोट्या फ्लास्कमध्ये ठरवा. थेट चार लिटर लावण्याचा मोह टाळा.

कॉम्प्लेक्स जमवणं: इथे सगळं ठरतं

कॉम्प्लेक्स म्हणजे लिगँड (रिसेप्टरला चिकटणारा रेणू, इथे तुमचं औषध), रिसेप्टर आणि जी-प्रोटीन यांची एकत्र जोडणी. पेशींचा गोळा वितळवताना बफरमध्येच लिगँड, नॅनोबॉडी-३५ (एक छोटी अँटिबॉडी), मॅग्नेशियम आणि अपायरेज घाला आणि तासभर खोलीच्या तापमानाला ठेवा. प्रत्येकाचं काम वेगळं. लिगँड रिसेप्टरला चालना देतो. रिसेप्टर जी-प्रोटीनला जीडीपी सोडायला लावतो. अपायरेज ते सुटलेलं जीडीपी आणि आसपासचं जीटीपी मोडून टाकतं, म्हणजे रिकामी झालेली खोबण पुन्हा भरत नाही. नॅनोबॉडी-३५ अल्फा आणि बीटाच्या सांध्यात बसून सगळं घट्ट धरते. हे समजून केलं की काही बिघडलं तर कुठे शोधायचं ते कळतं.

मग रिसेप्टरला पटलातून सोडवणारा डिटर्जंट. एलएमएनजी आणि कोलेस्टेरॉल हेमिसक्सिनेट ही जोडी बहुतेकांना लाभते: साधारण ०.५ टक्के एलएमएनजी, ४ अंशांवर दोन तास, हळू ढवळत. फेस येऊ देऊ नका. सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण फ्लॅग टॅग पकडणाऱ्या एम१ रेझिनवर घ्या. हे रेझिन कॅल्शियम असेपर्यंतच टॅग धरतं. म्हणून धुताना कॅल्शियम घालायचं आणि सोडवताना ते ईजीटीएने काढून घ्यायचं. धुताना डिटर्जंट टप्प्याटप्प्याने ०.०१ टक्क्यांवर आणा. जास्तीचा डिटर्जंट पुढे ग्रिडवर (नमुना गोठवायच्या बारीक जाळीवर) रिकाम्या मिसेलांची, म्हणजे डिटर्जंटच्याच गोळ्यांची, गर्दी करतो आणि प्रोटीनसारखाच दिसतो.

माझे तीन महिने इथे गेले. छोट्या रेणूसह कॉम्प्लेक्स करत होतो. पेशींत रेणू उत्तम चालत होता आणि आकारानुसार प्रोटीन वेगळी करणाऱ्या गाळणीच्या कॉलमवर मात्र दर वेळी ८ मिलीच्या आसपास मोठं टोक उठत होतं. त्या कॉलमवर ८ मिली म्हणजे प्रोटीनच्या गुठळ्या. डिटर्जंट बदलला, मीठ बदललं, पेशी बदलल्या. शेवटी एका रात्री शीतगृहात स्वेटर घालून बसलो आणि वहीत प्रत्येक बफरपुढे त्यात काय काय आहे ते पुन्हा लिहून काढलं. वितळवायच्या बफरमध्ये रेणू होता, धुण्याच्या बफरमध्ये नव्हता. पेप्टाइडसाठी ते चालून जातं, कारण पेप्टाइड चिकटून राहतं. माझा रेणू पटकन सुटणारा होता. धुताना तो वाहून जायचा आणि रिकामा झालेला रिसेप्टर जी-प्रोटीन सोडून द्यायचा. दुसऱ्या दिवशी सगळ्या बफरमध्ये रेणू घातला आणि टोक ११ मिलीजवळ आलं, उंच आणि सरळ. तेव्हापासून सांगतो: लिगँड पहिल्या थेंबापासून ग्रिडपर्यंत सोबत हवा.

टोक नीट आलं तरी जेल चालवाच, त्यात प्रत्येक प्रोटीन आकारानुसार वेगळ्या पट्ट्यात दिसतं. रिसेप्टरचा पट्टा साखरेच्या साखळ्यांमुळे जरा पसरट दिसतो. खाली अल्फा, त्याखाली बीटा, तळाशी नॅनोबॉडी. गॅमा एवढा छोटा की कधी जेलबाहेर निघून जातो. रिसेप्टर आणि अल्फा यांचे पट्टे सारख्या जाडीचे नसतील तर सगळ्या रिसेप्टरला जोडीदार मिळालेला नाही. तसं असेल तर इथेच थांबा. पुढचा कुठलाही टप्पा हे दुरुस्त करत नाही.

ग्रिड

एका ग्रिडला ३ मायक्रोलिटर लागतात. मिलीमागे ४ मिलिग्रॅम धरलं तर १२ मायक्रोग्रॅम. म्हणजे शंभरेक मायक्रोग्रॅम चांगलं प्रोटीन असेल तर आठ ग्रिड होतात. ते एकाच दिवशी, तीन वेगवेगळ्या ब्लॉट-वेळांना (जास्तीचं द्रावण टिपायच्या वेळांना) करा.

बर्फ काचेसारखा हवा, स्फटिकांचा नको. त्यासाठी नमुना द्रव इथेनमध्ये बुडवतात. नायट्रोजन इथेनपेक्षा थंड असतो, पण गरम वस्तू त्यात पडली की तिच्याभोवती वाफेचं कवच तयार होतं आणि गोठणं मंदावतं. इथेन उणे १८३ अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतं. कपाच्या कडेला पांढरी साय धरली की तापमान बरोबर आहे असं समजा. पूर्ण घट्ट झालं तर जरा कोमट वायू सोडून पुन्हा द्रव करा.

आपल्याकडे पावसाळ्यात वेगळाच त्रास होतो. जुलैत हवेत इतकी वाफ असते की द्रव नायट्रोजनच्या उघड्या भांड्यात पाच मिनिटांत बर्फाची भुकटी तरंगू लागते. ती ग्रिडवर बसते आणि मायक्रोस्कोपखाली काळे डाग दिसतात. डिह्युमिडिफायर आदल्या रात्रीपासून चालू ठेवा. भांड्यांना झाकणं घाला. चिमटे प्रत्येक ग्रिडनंतर गरम हवेने पूर्ण वाळवा आणि मास्क लावा. तुमचा श्वाससुद्धा वाफच असतो.

बर्फाची जाडी २० ते ३० नॅनोमीटर असावी. पातळ बर्फात चित्र सुंदर येतं, पण प्रोटीन हवेच्या पृष्ठभागाला चिकटून मोडतं किंवा सगळे कण एकाच कुशीवर झोपतात. मग एकाच बाजूचं दृश्य मिळतं आणि नकाशा, म्हणजे कणांच्या चित्रांतून उभं केलेलं त्रिमित चित्र, एका दिशेला ताणलेला येतो. सोन्याचे ग्रिड, थोडी जास्त संहती, किंवा गोठवण्याच्या ऐन आधी घातलेला थोडा फ्लोरिनयुक्त डिटर्जंट, यांपैकी काहीतरी लागू पडतं. कुठलं, ते करूनच कळतं.

डेटा आणि नकाशा

तीनशे किलोव्होल्टच्या मायक्रोस्कोपवर पिक्सेल ०.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास, एकूण मात्रा दर चौरस अँगस्ट्रॉमला ५० ते ६० इलेक्ट्रॉन आणि पाच-दहा हजार मूव्ही. हे पुष्कळ झालं. हालचाल दुरुस्त करणं, सीटीएफ, कण वेचणं, द्विमित वर्गीकरण हा सगळा मार्ग आता मळलेला आहे, त्यावर शब्द घालवत नाही.

एका आकड्याने मात्र फसू नका. एफएससी (डेटाचे दोन भाग करून काढलेल्या दोन अर्ध्या नकाशांची जुळणी) ०.१४३ला जे रिझोल्यूशन येतं ते सरासरी असतं. जी-प्रोटीन स्थिर असतं, तिथे २.५ अँगस्ट्रॉम मिळतं. रिसेप्टरचा बाहेरचा भाग हलतो, तिथे ४ किंवा त्याहून वाईट. आणि औषध बसतं त्या हलणाऱ्या भागाच्या कुशीत. म्हणून नकाशातला फक्त रिसेप्टरचा भाग मास्कने वेगळा करून स्थानिक रिफाइनमेंट करा आणि ठिकठिकाणचं रिझोल्यूशन रंगांत पाहा. औषध बनवणाऱ्याला लिगँडच्या आसपास काय दिसतं तेच हवं असतं.

मॉडेल बसवताना

सुरुवातीला अल्फाफोल्डचं (प्रोटीनच्या रचनेचं भाकीत करणाऱ्या एआयचं) किंवा आधीच्या रचनेचं मॉडेल घ्या, कूट या सॉफ्टवेअरमध्ये हाताने नीट करा, फेनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये रिफाइन करा. प्रोटीनचा भाग सोपा आहे. कस लागतो तो लिगँडच्या वेळी.

आपल्याला रेणू तिथे हवाच असतो, म्हणून कुठलाही डाग रेणूसारखा दिसू लागतो. मी एक शिस्त पाळतो. लिगँड दोन्ही बाजूंनी, उलटा आणि सुलटा, बसवून पाहतो. दोन्ही अर्ध्या नकाशांत तो डाग स्वतंत्रपणे दिसतो का ते बघतो. मग लिगँडची ओळख न सांगता सहकाऱ्याला विचारतो, 'इथे तुला काय दिसतं?' रेणूची शेपटी नकाशात दिसत नसेल तर लेखात तसं स्पष्ट लिहा. न दिसणाऱ्या शेपटीभोवती हायड्रोजन बंध काढून दाखवले तर कुणीतरी केमिस्ट त्यावर विश्वास ठेवून सहा महिने रेणू बनवत बसेल.

पेशीत परत

नकाशात स्पर्श दिसला म्हणजे तो महत्त्वाचा आहे असं नाही. त्या जागेचं अमिनो आम्ल बदला, रिसेप्टर पेशीत घाला आणि सायक्लिक एएमपी मोजा. सोबत दोन गोष्टी अत्यावश्यक. पहिली, रिसेप्टर पृष्ठभागावर पोचला का हे फ्लॅगविरुद्धच्या अँटिबॉडीने एलायझा करून मोजा. पोचलाच नसेल तर बाकीचे आकडे व्यर्थ. दुसरी, त्याच प्लेटवर जीएलपी-१चाही आलेख काढा. बदलामुळे दोघांचंही काम पडलं तर तुम्ही रिसेप्टर मोडलात. फक्त छोट्या रेणूचं काम पडलं आणि जीएलपी-१चं टिकलं, तर स्पर्श खरा. ३३व्या जागचं ट्रिप्टोफॅन बदलल्यावर नेमकं हेच दिसतं. डॅन्युग्लिप्रॉन हतबल होतं, जीएलपी-१ जवळपास तसंच चालतं. हे प्रयोग निदान तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पेशींवर करा.

जमलं तर बीटा-अरेस्टिनही (रिसेप्टरला पेशीच्या आतून जोडलं जाणारं दुसरं प्रोटीन) मोजा. एकच रिसेप्टर जी-प्रोटीनला एक सांगतो आणि अरेस्टिनला दुसरं. ऑर्फोरग्लिप्रॉन जी-प्रोटीनकडे झुकतो, अरेस्टिनला फारसा बोलवत नाही. तुमचं चित्र जी-प्रोटीनसोबतचं असल्यामुळे अरेस्टिनची बाजू त्यात दिसत नाही, ती पेशीच सांगते.

केमिस्टच्या हाती देताना

नुसते कोऑर्डिनेट्स (अणूंच्या जागांचे आकडे) पाठवू नका. समोर बसा आणि कुठल्या अणूवर तुमचा भरवसा आहे, कुठल्यावर नाही, ते स्क्रीनवर बोट ठेवून दाखवा. खोबणीतल्या पाण्याच्या रेणूंकडे खास लक्ष वेधा. एखादा सैल पाण्याचा रेणू हटवणारा छोटा गट जोडला तर पकड वाढू शकते, आणि ही माहिती केमिस्टला दुसरीकडे कुठे मिळत नाही. मर्यादाही सांगा. डॅन्युग्लिप्रॉन रिसेप्टरवर नेमकं बसत होतं, तरी यकृताला इजा होण्याच्या शंकेमुळे एप्रिल २०२५मध्ये त्याचा विकास थांबवला गेला. यकृतात काय होईल ते आपल्या नकाशात दिसत नाही.

लेख पाठवण्याआधी नकाशा, दोन्ही अर्धे नकाशे आणि मॉडेल सार्वजनिक डेटाबँकांत जमा करा. मूळ मूव्हीसुद्धा द्या, उद्याचं सॉफ्टवेअर त्यातून जास्त काढेल. उरलेल्या गोळ्यांच्या नळ्यांवर विषाणूची पिढी, तारीख आणि लिटर लिहा. बफरच्या वहीची प्रत पुढच्या माणसाला द्या आणि धुण्याच्या बफरपुढे 'लिगँडसह' हा शब्द लाल शाईने लिहा.